दुधातली वाटी

“अहो, दूध उतू जातंय का?” वृंदाताईंनी पाचव्यांदा विचारलं. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जमलेले तीस पाहुणे गॅसवरच्या पातेल्याकडे डोळे लावून उभे होते. दूध मघापासून उकळत होतं, पण काठाबाहेर यायचं नाव घेत नव्हतं.

“मुहूर्ताची चारच मिनिटं उरलीत,” गुरुजी म्हणाले.

अच्युतरावांना दरदरून घाम फुटला. घरात रोज दूध तापवायचं काम त्यांचं. ते उतू जाऊ नये म्हणून पातेल्याच्या तळाशी ते एक वाटी उपडी टाकत. वाफेचे बारीक बुडबुडे वाटीखाली जमत आणि त्यांचा एकच मोठा बुडबुडा होऊन फेस फोडत वर येई. आज दूध उतू जायलाच हवं होतं, आणि हाताने सवयीने वाटी टाकली होती!

गुरुजींनी सगळ्यांना डोळे मिटून हात जोडायला सांगितलं. अच्युतरावांनी झटकन चिमट्याने वाटी काढली आणि झब्ब्याच्या खिशात कोंबली. दूध भसाभसा फुगून काठावरून ओसंडलं. टाळ्या पडल्या.

खिशातल्या वाटीचा चटका बसला, तसे अच्युतराव एका पायावर नाचू लागले.

“बघा, यजमानांना केवढा आनंद झालाय!” गुरुजी म्हणाले. मग मेव्हणेही नाचू लागले.

वृंदाताईंना मात्र खिशातून ठिबकणारं दूध दिसलं. त्या नवऱ्याजवळ आल्या आणि कानाशी कुजबुजल्या, “वाटी माझ्या माहेरची आहे, पोचा आला तर बघा!” मग त्यांचे दोन्ही हात धरून त्यांनी फुगडी घातली.