भावोजींच्या आवडीची फळं

पपईच्या बिया तिने चमच्याने खरवडून काढल्या आणि फोडी ताटाच्या कडेने लावायला घेतल्या. अननस, आंबा, पेरू कापून झाले होते. केळी शेवटी. आधी कापली की काळी पडतात, आणि आज काहीही बिघडून चालणार नव्हतं.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. या ताटातलं त्याला जवळजवळ काहीच चालत नव्हतं. दोन्ही किडन्या कामातून गेल्यापासून तो डायलिसिसवर होता, आणि डॉक्टरांनी बहुतेक फळांना सक्त मनाई केली होती. त्याचा जीव तळमळायला नको म्हणून तिने आंबा घरात आणणंच बंद केलं होतं. आज मात्र घरभर घमघमाट सुटला होता.

"एवढं कशाला?" तो म्हणाला.

"भावोजींना आवडतात."

"ते मला नको सांगूस. लहानपणी माझ्या वाटणीचंसुद्धा तोच हाणायचा."

"मग आता करतील की परतफेड," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

धाकट्या भावाची किडनी जुळते, असा रिपोर्ट आला होता. देणार का, हे त्याने अजून सांगितलं नव्हतं. 'आम्ही दोघं येतो, समोरासमोर बोलू,' एवढंच फोनवर म्हणाला होता. नाही म्हणायला कोणी बायकोला घेऊन घरी येतं का? तिने आपली अशी समजूत घालून घेतली होती. आशेला लागलेलं माणूस असल्याच समजुतींवर दिवस काढतं.

ती दोघं आली. ताट मधे ठेवलं, प्रत्येकाला बशी आणि काटा दिला. नवऱ्याच्या बशीत सफरचंदाच्या दोन पातळ फोडी होत्या. बोलणं उकाड्यावर झालं, रस्त्यातल्या खोदकामावर झालं, मुलांच्या शाळेवर झालं. ज्या विषयासाठी जमले होते, त्याच्या आसपासही कोणी फिरकेना. धाकटा मान खाली घालून खात होता. बशी रिकामी झाली की ती भरत होती.

"वहिनी, पपई काय गोड निघालीय!" तो म्हणाला. भावाकडे मात्र बघत नव्हता.

शेवटी त्याच्या बायकोने बशी खाली ठेवली.

"ताई, स्पष्टच बोलते, राग मानू नका. हे तयार होते. मीच म्हटलं, जरा विचार करा. एक किडनी दिली की उरलेलीला जन्मभर जपावं लागतं म्हणे. उद्या यांनाही पथ्यं लागली तर? आणि यांचं तर तुम्ही बघताच आहात. फळांशिवाय यांचा एक दिवस जात नाही हो."

धाकट्याच्या काट्याला आंब्याची फोड टोचलेली होती. ती खाली ठेवावी की तोंडात घालावी, त्याला कळेना. त्याने एकदा दादाकडे पाहिलं. मग ती खाल्ली.

"खा रे, खा," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता, की तिला तो सहन झाला नाही.

ती उठून आत गेली. रडायला गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती एक डबा घेऊन बाहेर आली. ताटातल्या उरलेल्या फोडी तिने त्यात भरल्या, एकही मागे ठेवली नाही. झाकण दाबून लावलं आणि डबा जावेच्या हातात दिला.

"अहो ताई, एवढं सगळं कशाला?"

"घेऊन जा. आमच्याकडे हे खाणारं कोणी नाही," ती म्हणाली. "आणि डबा परत द्यायला येऊ नका."