नववा रकाना

“चहा घेणार ना, साहेब?” आईनं विचारलं, चष्मा काढून फळीवर ठेवला आणि ओट्याकडे वळली.

ती वळते न वळते तोच लेकाचा हात तिच्या गालावर बसला. चौतीस वर्षांचा आडदांड माणूस. म्हातारी भिंतीवर आदळली. दुसरी थप्पड कानाखाली. तिसरीला ओठ फाटला आणि हनुवटीवरून रक्त ओघळलं. मग तो आपला खुर्चीत जाऊन बसला आणि डब्यातली जुनी बटणं चाळू लागला.

समाजकल्याण खात्याकडून पाहणीला आलेल्या साहेबांची पाचावर धारण बसली होती. फाइल छातीशी धरून ते पार दारापर्यंत सरकले होते.

“हे... रोज असं?”

“दिवसाआड.” आईनं ओठाला फडकं लावलं. “मागच्या वर्षी तुमच्या बाई आल्या, तेव्हा नेमका गप्प बसून होता. हाताने जेवतो, कुणाला त्रास नाही, असं लिहून गेल्या. यादीतून नावच उडालं.”

साहेबांना यादी तोंडपाठ होती. अशा मतिमंद मुलांसाठी यंदाच्या आराखड्यात सरकारी निवासगृहातल्या जागा चाळीस, अर्ज नऊशे. नववा रकाना: ‘इतरांना इजा करतो का?’ मारकुट्यांना आधी जागा, गरीब स्वभावाच्यांनी घरीच राहायचं. कुठल्या शहाण्याने हे ठरवलं होतं कोण जाणे, पण सगळं घोडं त्या एका रकान्यावर अडलेलं.

“माझ्या पोटातली गाठ वाढलीय,” आई म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, वर्ष निघणं कठीण. माझ्यामागे ह्याला कोण बघणार?”

साहेबांना भडभडून आलं. त्यांनी नवव्या रकान्यात ‘होय, गंभीर’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

“जागा मिळेल, मावशी. मी स्वतः पाठपुरावा करतो.”

आईनं हात जोडले. चष्मा डोळ्यांवर चढवून ती कितीतरी वेळ लेकाकडे बघत राहिली. तिला त्याची फार दया येत होती.

दारात बूट घालताना साहेब ओशाळून हसले. “तुमचा चहा मात्र राहिला हं!”

लेक उठला. साहेब दचकून बाजूला झाले. तो आईसमोर गेला, तिचा चष्मा दोन्ही हातांनी अलगद काढला आणि फळीवर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आई, परत तीनदा?”