कोपर

"पाणी सदतीस अंश आहे, ताई. बाळ द्या," यंत्रदाई म्हणाली.

मंगळावरच्या वसाहतीत बाळांची अंघोळ तिच्याकडेच असायची. आयांचे हात भीतीने थरथरतात, असं तिचं म्हणणं. माझे तर थरथरतच. तरी मला राहवेना. बाही सरसावून मी कोपर टबात बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. पाणी कढत होतं. बाळाला मी घट्ट छातीशी धरलं.

तिने टबाचा तापमापक तपासला. तो बिघडला होता.

"तुमच्या कोपरात कुठलं यंत्र बसवलंय?"

"यंत्र कुठलं? आईचं बघून शिकले."

सावंतवाडीच्या न्हाणीघरात आई असंच कोपर बुडवायची, माझ्या तान्ह्या भाच्याला पायांवर घेण्याआधी. मी तेव्हा कॉलेजात. हौसेने तापमापक आणून दिला, तर म्हणाली, "ठेव तो कपाटात. माझ्या हातांना घट्टे पडलेत, त्यांना कळत नाही. कोपराला कळतं." मी किती हसले होते.

यंत्रदाईने आपलं चकचकीत कोपर पाण्यात बुडवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"ताई, काय जाणवायला हवं?"

"पोळायला हवं."

"मला पोळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

मी पाण्यात गार पाणी मिसळलं, पुन्हा कोपर बुडवून पाहिलं. मग आईसारखीच पाय पसरून खाली बसले आणि बाळाला पायांवर पालथं घेतलं.

"तू पाणी घाल," मी म्हटलं. "बेताने. आणि दर तांब्याआधी मला विचार."