कडक शॉकअप

“ताई, पुढचे शॉकअप कडक झालेत,” भाऊ म्हणाला आणि तिने पान्हा फरशीवर आपटला.

पुन्हा तीच तक्रार. मोटरसायकल जुनी होती, माती-दगडांच्या रेसमध्ये आयुष्य काढलेली. पण तिचे शॉकअप ताईच्या हातचे होते. तिच्या कामाला नाव ठेवायची हिंमत अख्ख्या ट्रॅकवर कोणी केली नव्हती. केली ती घरच्याच माणसाने.

“रविवारी रेस आहे. दगडावरून गेलं की हँडल हातातून उडतं. तुला जमत नसेल तर पलीकडच्या मिस्त्रीला दाखवतो.”

“दाखव की. तो तुला नवी गाडीच घ्यायला सांगेल. अरे, जुनी स्प्रिंग मऊ पडते. कडक झालेली कोणी पाहिलीये?”

तोंडाने भांडत भांडत तिने शॉकअप उघडलेच. जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, दोन्ही नळ्यांतली पातळी पट्टी घालून सारखी केली. नळ्या फिरवून पाहिल्या. कुठे बाक नाही, सील कोरडे ठणठणीत. चाक बसवल्यावर ॲक्सलचे बोल्ट तिने लगेच आवळले नाहीत. आधी ब्रेक धरून गाडी पुढून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. नळ्या आपापल्या जागी बसल्या तेव्हा आवळले. घाईवाले नेमकं हेच विसरतात आणि मग स्प्रिंगला शिव्या घालतात.

“बस आता.”

भाऊ ट्रॅकवरूनच आला होता. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, सगळा जामानिमा अंगावर होता. तो बसला. तिने टेप लावली. त्याच्या वजनाने गाडी पुढून किती खाली दबली पाहिजे, हे तिला तोंडपाठ होतं. गाडी चांगली बोटभर वर राहिली.

“बघ! म्हणे माझ्या हातचं काम!” भावाने टोमणा मारला.

तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. शेजारच्या दुकानात पाट्या रंगवणारा पेंटर भावाचा जिवलग होता. अंगापिंडाने दोघं सारखे. गेल्या मोसमापर्यंत एकमेकांचे शर्ट घालून फिरत. तिने त्याला हाक मारली आणि भावाला म्हणाली, “काढ ते सगळं. त्याला घालू दे. आत्ता सोक्षमोक्ष लावते.”

पेंटर ब्रश ठेवून आला. कवचाचे पट्टे त्याला पार ढिले करावे लागले. “एवढं आवळतोस? श्वास कसा घेतोस रे?” तो कुरकुरला.

पेंटर बसला. तिने वाकून टेप लावली. गाडी बरोब्बर जागेवर आली होती. केसभराचाही फरक नव्हता.

“आता बोल!” ती ओरडलीच. पेंटरने बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या. शॉकअपमध्ये काडीचा दोष नव्हता. ती जिंकली होती. तोऱ्यात ती भावाकडे वळली.

तो भिंतीला टेकून उभा होता, नुसत्या बनियनवर. गळ्याची हाडं वर आली होती. दंड पोरासारखे बारीक झाले होते. इतके दिवस तो यायचा तो कवच घालूनच, आणि ती बघायची ती गाडीकडे. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“झाले दोनेक महिने. जेवणच जात नाही. रेस झाली की डॉक्टरला दाखवणार होतो.” त्याने नजर चुकवली. मग घाईघाईने म्हणाला, “ताई, त्यात काय एवढं? मऊ स्प्रिंग टाक ना. आत्ताच्या वजनाला बसेल अशी. रविवार तेवढा निघेल.”

मऊ स्प्रिंगची जोडी समोर फळीवरच होती. बदलायला फार वेळ लागला नसता. तिने फडक्याला हात पुसले, पेंटरला गाडीवरून उतरवलं आणि दुकानाच्या किल्ल्या घेतल्या.

“चल दवाखान्यात,” ती म्हणाली. “स्प्रिंग हीच राहणार. वजन तुला परत आणायचंय.”