सारखेच अंगरखे

कोरियाच्या राजाने फर्मान काढलं, की यापुढे उमराव असो वा खाटीक, सगळ्यांनी अरुंद बाह्यांचा एकाच तऱ्हेचा अंगरखा घालावा. त्याला दुरुमागी म्हणत. गावचे उमराव युनसाहेब यांच्या सात पिढ्यांनी जमिनीवर लोळणाऱ्या रुंद बाह्या मिरवल्या होत्या. फर्मान ऐकून ते तीन दिवस जेवले नाहीत.

"आता माणूस ओळखायचा कसा?" ते बायकोवर ओरडले.

"तोंड बघून," ती भात वाढत म्हणाली.

चौथ्या दिवशी मुकाट्याने जेवून, तोच नवा अंगरखा चढवून ते बाजारात निघाले. तिथे कुणी बाजूला सरेना, कुणी वाकेना. मुळे विकणाऱ्या एका बाईने तर त्यांना टोपलीने ढकलून वाट काढली.

एवढ्यात समोरून पांढऱ्याशुभ्र रेशमी दुरुमागीतला, उंच काळी टोपी घातलेला एक भारदस्त गृहस्थ आला. गावात नवे सुभेदार येणार असल्याचं साहेबांनी ऐकलं होतं. ओळख काढायची हीच वेळ, म्हणून ते भर चिखलात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ टेकवलं.

अख्खा बाजार बघायला गोळा झाला.

गृहस्थ घाबरून खाली वाकला. "साहेब, हे काय करताय? मी खाटीक! वीस वर्षं तुमच्या मागच्या दारी मांस आणून देतोय. आजही कलेजी पाठवू ना?"

वीस वर्षांत साहेबांनी त्याचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. त्यांना संतापून काहीतरी बोलायचं होतं. पण गुडघे अजून चिखलात होते, डोळ्यांसमोर रेशीम होतं, आणि तोंडून सवयीने निघून गेलं, "आपली कृपा, सरकार."