पेटीतला हार

"काच काढून द्या दीदी. हार बाहेर पाहिजे."

वनमालाबाईंनी पेटी टेबलावर ठेवली. नेहमीसारखीच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, नेहमीसारखीच दोन बोटांनी कडेला धरलेली. त्यांचं कपाळ मोकळं होतं. विनोदिनीने ते पाहिलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

"कधी?"

"नऊ दिवस झाले. उद्या नीलेश राजिमच्या संगमावर अस्थी नेऊन राहिला. यांनी पोराले सांगून ठेवलं होतं, हा हार माह्यासंगं पाण्यात सोडजो म्हणून."

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या या पुढच्या खोलीत विनोदिनी लोकांच्या लग्नातली वाळवलेली फुलं सांभाळून द्यायची. विटलेल्या गुलाबाला रंग चढवायचा, किडकी पाकळी काढायची, पेटीतले ओल शोषणारे निळे दाणे तव्यावर तापवून परत भरायचे. दाणे गुलाबी पडले की समजायचं, आत ओल शिरली.

वनमालाबाई पहिल्यांदा आल्या त्याला बारा वर्षं झाली. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रस्ते खणलेले होते आणि उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ घराघरात बसत होती. पेटीतला हार तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा दिसत होता.

"रंग कसा होता वहिनी?" विनोदिनीने विचारलं होतं.

"यांले विचारून सांगते."

"अवो, नवरीलेच आपल्या हाराचा रंग आठवत नाही?"

"नवरी कुठं मान वर करते," वनमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंग सांगितला. गुलाब गर्द लाल, मधेमधे पांढरी शेवंती, खालच्या गोंड्यात पिवळी. एकेक फूल मोजून सांगितल्यासारखं. त्यांचे यजमान बाबाराव रेल्वेत होते, बारकाईचा माणूस असणार, असं विनोदिनीला वाटलं.

आणि तिथेच तिच्या हातून चूक झाली. श्रावण होता. दाणे तापवलेले नव्हते. दोन दिवस थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, काच काढली. रात्रभर झड लागली. सकाळी हारावर पांढरी बुरशी आली होती आणि बोट लावलं तिथे फुलाची माती होत होती. दोरासुद्धा कुजला होता.

खरं सांगायला ती दोनदा चप्पल घालून निघाली, दोनदा परत आली. मग गोल बाजारातून फुलं आणली, बारीक वाळूत पंधरा दिवस वाळवली, सांगितले तेच रंग दिले आणि नव्या दोऱ्यात तसाच हार ओवला.

पुढच्या खेपेला तिने भीत भीत विचारलं, "पसंत पडला का त्यायले?"

"हव. पेटीसमोर घंटाभर बसले. जेवायले उठले नाही. डोळे पुसत होते."

"भाग्यवान आहा वहिनी. आमच्या घरचा तर लग्नाची तारीखही विसरला!"

वनमालाबाईंनी लुगड्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. "चला," त्या म्हणाल्या, "यांची दवाईची वेळ झाली."

त्यानंतर दर वर्षी मार्गशीर्षात त्या पेटी घेऊन यायच्या. दर वर्षी विनोदिनी ठरवायची, आज सांगायचं. दर वर्षी ती लाल रंग भिजवायची आणि ब्रश हातात घ्यायची. आता सांगायचं राहिलं तर उद्या गोल बाजारातली फुलं त्या माणसासोबत जाणार होती, त्याच्या लग्नाची म्हणून.

तिने काच काढली नाही.

"वहिनी, हा तो हार नाही."

"काय म्हणता?"

विनोदिनीने सगळं सांगितलं. श्रावण, दाणे, बुरशी, वाळू. सांगताना ती टेबलाकडे पाहत होती. "मले शिव्या द्या, काहीही म्हणा. पण ही खोटी फुलं त्यायच्यासंगं पाठवू नका."

बाहेर भाजीवाली ओरडत पुढे गेली.

"म्हणजे बारा वर्षं ते याच्यासमोर बसत होते."

"हो."

"पहिल्याचं काहीच नाही यात? दोराही नाही?"

"काहीच नाही. सगळं माह्या हातचं."

"मग हा कोणीच घातला नाही? कोणाच्याच गळ्यात पडला नाही?"

"नाही वहिनी."

"काढा काच."

विनोदिनीने खिळे सोडवले. तिला वाटलं, आता हा हार नालीत जाणार, आणि जावा तसाच.

वनमालाबाईंनी हात पेटीच्या लुगड्याला पुसले. इतक्या वर्षांत पेटीच्या काचेलाही त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. आता त्यांनी दोन्ही हात आत घातले, हार सावकाश उचलला आणि डोक्यावरून गळ्यात घातला. वाळलेली फुलं कुरकुरली. लाल पाकळ्या पांढऱ्या पातळावर गळू लागल्या.

"अवो वहिनी, काहून असं? मोडून जाईन तो!"

"मोडू द्या," वनमालाबाई म्हणाल्या. "मले दुसरेपणावर दिलं होतं दीदी, हारांशिवाय. तो जुना हार यांच्या पहिलीचा होता, पद्मिनीचा."