सतरावं विधान

"सतरावं विधान भलत्याच गटात पडलंय, सर," शाल्मली आपल्या पीएचडीच्या गाइडना म्हणाली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं सगळं करणाऱ्या चारशे बायकांनी तिची प्रश्नावली भरली होती. 'यांची आता सुटका झाली तर बरं, असं मनात येतं' हे विधान तिने वैतागाच्या गटात धरलं होतं. अर्धे फॉर्म संगणकात घालून गट त्यालाच पाडू दिले, तर त्याने ते विधान उचलून मायेच्या गटात ठेवलं. जिची माया जास्त, तिच्याच मनात ते जास्त येत होतं. उरलेल्या अर्ध्या फॉर्मांवर तिने दोन्ही मांडण्या पडताळून पाहिल्या. तिची कोसळली. संगणकाची चपखल बसली.

"भलत्या नाही, बरोबर गटात पडलंय," गाइड म्हणाले. "तुमच्या प्रबंधात सांगण्यासारखं एवढंच आहे. हेच लिहा."

विधान मुळात तिचं नव्हतंच. अकरा वर्षं आईचं हगणंमुतणं काढणारी वहिनी एकदा तिच्याजवळ म्हणाली होती, "आई आता सुटल्या तर बरं हो, वन्सं." आई गेल्यावर तेराव्याच्या भरल्या पंगतीत शाल्मलीने ते सगळ्यांना ऐकवलं. वहिनी भाताचं पातेलं हातात घेऊन पुढच्या पानाशी वाकली. दादाने त्या दिवसापासून वहिनीशी बोलणं टाकलं. त्याला आता चार वर्षं झाली.

शाल्मलीने घरी येऊन प्रबंधातून सतरावं विधान काढून टाकलं आणि खाली तळटीप दिली: 'या विधानाला बायकांनी दिलेली उत्तरे विश्वासार्ह वाटली नाहीत.'